नाताळची बाहुली

माइक हातात घेऊन मनुबाई वळल्या, तर समोरच्या भिंतीवर त्याच होत्या. भला मोठा बॅनर. त्यात सात वर्षांची मनू, सोनेरी केसांची बाहुली दोन्ही हातांनी छातीशी धरून तोंडभर हसत उभी. खाली लिहिलं होतं, 'आमच्या नाताळ ट्रीटची परंपरा'.

त्या पाटणहून एसटीनं आल्या होत्या, चर्चच्या सेक्रेटरीनं, अमृतनं, दोनदा फोन केला म्हणून. पूर्वी या चर्चच्या आवारात मुलींचं बोर्डिंग होतं. तिथल्या मुलींपैकी चालत्या-फिरत्या अशा एकट्या मनुबाईच सापडल्या. "आजी, पोरांना तुमच्या लहानपणीच्या नाताळाचं सांगा," अमृत म्हणाला होता. "खाऊ वाटायच्या आधी पाच मिनिटं."

मनुबाईंनी सांगितलं. पहाटे कुडकुडत गायलेली गाणी. मोठ्या कढईतली गुळाची बुंदी. सरूच्या झाडाला बांधलेले रंगीत कागद. वर्षातनं एकदाच मिळणारं आख्खं संत्रं. त्याची सालसुद्धा पोरी उशाखाली ठेवायच्या. पोरं हसली. मनुबाईंनाही बरं वाटलं. ते सगळं खरंच होतं.

मग पुढं बसलेल्या साक्षीनं, सहा-सात वर्षांच्या पोरीनं, विचारलं, "आजी, ती बाहुली कुठाय आता?"

घरातली या फोटोची जुनी प्रत बघून हेच मनुबाईंच्या लेकीनं विचारलं होतं, पुढं नातीनंही. दोघींना त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, एसटीत विसरली. आजही तोंडात तेच आलं. पण पोर भिंतीवरच्या मनूएवढीच होती, आणि टक लावून बघत होती.

"माझी नव्हतीच बाळा ती," मनुबाई म्हणाल्या. "मला वाटलं माझी, म्हणून तर एवढी हसले. फोटो निघाला आन् बोर्डिंगच्या मडमबाईंनी काढून घेतली. मी सोडंना, तवा माझं एकेक बोट उचकटलं."

मागं कुणीतरी खाकरलं. अमृतनं पुढं होऊन हळूच माइक काढून घेतला.

"आजींचं वय झालंय," तो हसत म्हणाला. "थोडी गल्लत होतीय त्यांची. परदेशातल्या अकरा घरांनी इथल्या अकरा मुलींचा सांभाळ पत्करला होता, एकेका घरानं एकेकीचा. त्यांना पाठवलेले फोटो आता तिकडनं परत आलेत. सगळे माझ्या फायलीत आहेत. प्रत्येक मुलीच्या हातात बाहुली आहे."

मनुबाईंना माइक लागला नाही.

"नीट बघ त्ये फोटो, अमृत," त्या म्हणाल्या. "पोरी अकरा हायत. बाहुली एकच हाय."