एकदाच काय ते अपडेट

पडद्यावरचा आकडा सकाळपासून एकोणचाळीसवर अडला होता. ‘अपडेट चालू आहेत, कॉम्प्युटर बंद करू नका,’ असं त्याखाली नम्रपणे लिहिलं होतं. मार्तंडराव फणसे येरझाऱ्या घालत होते. सोसायटीचं ऑफिस म्हणजे जेमतेम एक खोली. चार पावलांत कपाट यायचं, मग पुन्हा वळायचं. मार्तंडराव ताडमाड उंच, त्यामुळे वळताना दर वेळी पंख्याला मान तुकवायची.

रविवारी सभा होती. मुलुंडच्या या सोसायटीत सेक्रेटरीपदासाठी निवडणूक अशी कधी झालीच नव्हती. दर खेपेला सगळे आपापल्या चपलांकडे बघत आणि मार्तंडराव बिनविरोध होत. यंदा पहिल्यांदाच दुसरं नाव आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची नीलम गायकवाड. अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच बघायची.

तिच्या नावाला लोकांचा पाठिंबाही होता. एनओसी मागायला जावं तर ऑफिसात अपडेट चालू असायचे, पावती मागावी तर कॉम्प्युटर रीस्टार्ट होत असायचा. गेल्या आठवड्यात नीलम स्वतःच येऊन सेक्रेटरीच्या खुर्चीत बसली होती. चणीनं लहानशी; पाय जमिनीवर टेकेनात, अधांतरी हलत होते. तिनं मशीन इकडून तिकडून तपासलं.

‘‘काका, खरं सांगू? हे धूड ज्याच्या गळ्यात पडेल त्याची वाट लागणार.’’

तेव्हापासून मार्तंडरावांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुढ्यातले पोहे निवायचे, चहावर साय धरायची. शेवटी ते तीन जिने चढून थेट नीलमच्याच दारात उभे राहिले आणि इलाज काय, म्हणून विचारू लागले. ही बातमी त्यांच्याआधी खाली पोचली. चेअरमन भाऊ सावंत म्हणाले, विरोधी पक्षाकडून दारूगोळा आणणारा सेनापती आपण पहिल्यांदाच पाहिला.

नीलमनं मात्र हातचं काही राखलं नाही. रोज उठून वाण्याकडे पळायचं नाही, वर्षाचं एकदम भरायचं, असा तिचा सल्ला होता. एक छोटंसं टूल होतं. ते राहिलेले सगळे अपडेट एका दमात उतरवून घ्यायचं आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ फाइलींतच कालवून टाकायचं. पुरीवर नंतर तूप ओतण्यात अर्थ नाही, कणकेतच मोहन घालायचं. मग तो सगळा ऐवज पेनड्राइव्हवर घ्यायचा, जुनं पुसायचं आणि नवं टाकायचं.

‘‘मी देते ना करून,’’ ती म्हणाली.

‘‘छे छे, तू हात लावू नकोस,’’ मार्तंडराव घाईघाईनं म्हणाले. ‘‘रविवारपर्यंत मीच करतो.’’

आणि ते भिडले. पहिल्या खेपेला अपडेट उलटसुलट क्रमानं गेले आणि टूल रुसून बसलं. दुसऱ्या खेपेला ऐन रंगात आल्यावर वीज गेली. सोसायटीच्या फाइली त्यांनी दोन ठिकाणी उतरवून ठेवल्या, तरी मन मानेना म्हणून तिसऱ्या ठिकाणीही ठेवल्या. जेवता जेवता उठून ते पडदा बघून यायचे. त्यांच्या पत्नी शुभाताई ताट झाकून ठेवायच्या.

‘‘यंदा तरी देव पावू दे,’’ त्या म्हणाल्या. माळ्यावरची प्रवासाची मोठी बॅग काढायला त्यांनी स्टूल घेतलं होतं.

‘‘अजून बॅग काढू नकोस. रविवार जाऊ दे.’’

शनिवारी संध्याकाळी जमलं. बटण दाबल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडदा उजळला. कुठे टक्के नाहीत, कुठे नम्र विनंती नाही. मार्तंडरावांनी खुशीत वायरी बांधल्या, कीबोर्ड पुसला, मग खुर्ची आडवी पाडून तिच्या चाकांना तेल घातलं आणि सीटखालचा गंजलेला दांडा बराच वेळ खालीवर करत बसले.

भाऊंनी दारातून डोकावलं. ‘‘खुर्चीची एवढी बडदास्त? सोडायचा विचार दिसत नाही तुमचा.’’

‘‘बसणाऱ्याला त्रास नको,’’ मार्तंडराव म्हणाले.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. ऑफिसचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. भाऊंनी प्रात्यक्षिकाचा आग्रह धरला. मार्तंडरावांनी उभ्याउभ्याच दोन बटणं दाबली. विमलाबाईंचा चष्मा पर्समधून निघायच्या आत त्यांची पावती बाहेर आली होती. त्यांनी ती उलटून बघितली, सुलटून बघितली आणि शेजारणीकडे दिली. अख्खी सभा पावती बघायला वाकली. मार्तंडराव मात्र एकटक नीलमकडे बघत होते. ती हसत होती. त्यांचा जीव जरासा भांड्यात पडला.

भाऊंनी घसा साफ केला. आधी नीलमच्या बाजूचे हात, मग मार्तंडरावांच्या, असं ते सांगत होते, तेवढ्यात नीलम उभी राहिली.

‘‘एक मिनिट, भाऊ. मी उभी राहिले ती फक्त या कॉम्प्युटरपायी. वाटलं होतं, काकांच्यानं आता हे होत नाही. पण त्यांनी केलंय ना, आमच्या ऑफिसात पण कोणी इतकं झकास करत नाही. मग मी मध्ये कशाला? मी नाव मागे घेते.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. मार्तंडराव पुढे आले. ‘‘अगं, पण ऐक तरी...’’ ते म्हणाले. लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या आणखी वाढल्या. दुसऱ्या रांगेतून शुभाताई उठल्या आणि जिना चढू लागल्या.

भाऊंनी मार्तंडरावांना हाताला धरून ऑफिसात नेलं आणि सगळ्यांसमक्ष सेक्रेटरीच्या खुर्चीत बसवलं. त्यांचे गुडघे थेट हनुवटीपाशी आले. नीलमचे पाय जमिनीवर टेकतील इतकी ती खुर्ची त्यांनी कालच खाली करून ठेवली होती.