पंचवीस गोधड्या
किल्लारीच्या भूकंपात उघड्यावर पडलेल्या लेकरांसाठी पारोळ्याच्या गल्लीतल्या बायकांनी पंचवीस गोधड्या शिवल्या. गठ्ठे ट्रकमध्ये चढल्यावर नर्मदाबाईंनी डबीतल्या सुया मोजल्या, तर एक कमी! चूल, अंगण, पदर, सगळं धुंडाळलं. जिवाला चैन पडेना. त्या अनवाणीच नाक्यावर धावल्या. "भाऊ, गोधडीत सुई राहिनी! लेकरूले टोचाई जाई!" ड्रायव्हरने वैतागत गठ्ठे सोडले. हाताला काही लागेना, तेव्हा साठीच्या नर्मदाबाई रस्त्याकडेला एकेक गोधडी अंथरून तिच्यावर लोळू लागल्या. बघे हसत होते. एकोणिसाव्या गोधडीवर त्या कळवळून उठल्या. दंडात सुई रुतली होती. "सापडनी!" ड्रायव्हर गठ्ठे बांधू लागला, पण त्यांनी विसावी अंथरली. "अक्का, सुई सापडनी ना?" "मन्ही सापडनी, भाऊ. बाकीन्या बायास्नी सुया मोज्यातच नहीत." ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं, चपला काढल्या आणि एकविसावीवर स्वतः आडवा झाला.