सलाईनचं चाक

चाक फिरवलं होतं की नव्हतं?

ती अंथरुणातून ताडकन उठून बसली. भर दुपार होती. शिकाऊ डॉक्टर ती. दोन दिवस सलग ड्यूटी करून सकाळी घरी आली होती आणि चपलांसकट आडवी झाली होती. खिडकीजवळच्या खाटेवरच्या शिंपीणमावशींच्या सलाईनमध्ये तिने निघता निघता पोटॅशियम मिसळलं होतं. ते थेंब थेंबच जायला हवं. भसाभस गेलं तर हृदय जागच्या जागी थांबतं. नळीवरचं ते चिमुकलं चाक फिरवून आपण धार कमी केली का, हे काही केल्या तिला आठवेना.

तिने वॉर्डात फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तशी तिची गत झाली. आई ताट वाढून बसली होती, दोन घास तरी खा म्हणत होती.

"आई, माझ्या हातून माणूस गेलं असेल गं," एवढंच बोलून ती पळाली.

रस्ताभर तिला मोठे डॉक्टर आठवत होते. झोप झाली नाही म्हटलं की ते हसून म्हणायचे, आम्ही तीन तीन दिवस उभे असायचो, मेलो का? ते मेले नव्हते हे खरंच. त्यांच्या पेशंटांचं मात्र कधी कोणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही. मान खाली घालायची आणि वर्षं काढायची, एवढं ती चांगलं शिकली होती. आता मावशींच्या मुलींना काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि एकही पुरं होत नव्हतं.

धापा टाकत ती वॉर्डात शिरली. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या आणि बाही कशी कापायची ते शेजारच्या बाईला समजावत होत्या. सलाईन थेंब थेंब पडत होतं. खाटेची कड धरून ती रडली, अगदी लाजलज्जा सोडून रडली.

"मला वाटलं, मी चाक फिरवायला विसरले," ती सिस्टरना म्हणाली.

सिस्टर हसल्या नाहीत.

"विसरला नव्हतात. तुम्ही निघालात तेव्हा सगळं बरोबर होतं. पण दारापर्यंत जाऊन परत आलात आणि चाक सताड उघडून गेलात. यांच्या हाताची आग झाली, त्या ओरडल्या, म्हणून मी धावले. नंतर तुम्हाला किती फोन केले, एकही लागला नाही."

तिला वॉर्डाचं दार आठवत होतं. त्यानंतर घराचं. मधलं काहीच नाही.

"असं कसं होईल? मी सरळ घरी गेले."

"आली होतीस की गं," मावशी मायेने म्हणाल्या. "माझ्या कपाळावर हात ठेवलास, चाक फिरवलंस, आता बरं वाटेल म्हणालीस. डोळे तेवढे मिटलेले होते तुझे."