शेपटीचा गोल

"नवरा चढायचा, बायको खाली उभी राहून यंत्र उडवते. मजा आहे वहिनी तुमची!" कारखान्याचा मॅनेजर हसला.

तिने ड्रोन कारखान्याच्या चिमणीच्या टोकापर्यंत नेला. याच चिमणीच्या विटा तपासायला तिचा नवरा दोराने चढायचा. जीर्ण दोर मॅनेजरने बदलू दिला नाही, आणि दोर तुटून नवरा मेल्यावर "प्यायला होता" म्हणून सगळीकडे सांगितलं. जन्मात थेंब न घेतलेला माणूस!

सैल विटेभोवती तो खडूने गोल काढायचा. गोल म्हणजे ती वीट पाडायची, अशी खूण. पण त्याचा गोल कधी धड मिटायचा नाही, शेवटी शेपटी लोंबायची. "हा गोल की उंदीर?" असं ती चिडवायची.

तो गेल्यावर चिमणी नव्याने रंगवली होती. तरी स्क्रीनवर टोकाच्या विटेभोवती ताजा, पांढराशुभ्र गोल दिसला. शेपटीसकट.

त्याच्याखाली दुसरा होता, मग तिसरा. ड्रोनबरोबर गोलही खाली उतरत आले.

"काय सापडलं?" मॅनेजरने जांभई देत विचारलं.

तिने कॅमेरा जमिनीकडे वळवला. स्क्रीनवर मॅनेजरच्या बुटांभोवती एक पांढरी रेघ आपली आपण सरकत होती. तिने स्क्रीनवरून नजर काढून त्याच्या बुटांकडे पाहिलं. तिथे नुसती धूळ होती. पुन्हा स्क्रीन पाहिली. रेघ मिटायला बोटभर जागा उरली होती.

"आटपा की वहिनी. जाऊ का मी?"

"झालंच, साहेब," ती मायेने म्हणाली. "तेवढं हलू नका."

नवऱ्याला जिवंतपणी कधी न जमलेला गोल या वेळी धड मिटला.