अप्पांना पुसून

चार वाजायला वीस मिनिटं असताना स्क्रीनवर 'नाही' उमटलं.

एक लाख जणांना विचारलं होतं. अकरा सेकंदांत नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव 'होय' आले आणि एक 'नाही'. प्रोग्रामर बाईने नाव पाहिलं. अप्पा. तिचे वडील. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

हे लाख जण खरे नव्हतेच. शहरातल्या रक्तदात्यांनी दोन वर्षं खपून स्वतःची ब्लॉकचेन उभी केली होती, म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नसलेली, हजारभर कॉम्प्युटरांवर एकदम लिहिली जाणारी नोंदवही. ती इतकी संथ होती की नोंद चढेपर्यंत दात्याचंच रक्त आटेल, अशी चेष्टा चालायची. मग हिने हजार हजार नोंदींचा गठ्ठा बांधून चढवायची युक्ती काढली, आणि ती ताण पेलते का ते पाहायला लाख खोटे दाते बनवले. नावं सुचेनात तेव्हा घरातलीच घातली. आत्या-१, मामा-४०२, धाकटी काकू-९०००. बिनआकड्याचं नाव एकच. त्याच्यापुढे तिने रक्तगटही खरा लिहिला होता. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

चाचणी झाली, आता खोट्यांना घालवायचं होतं. पण या मंडळींचा एक लाडका नियम होता. ज्याची नोंद, त्याला पुसल्याशिवाय पुसायची नाही. पहिल्या बैठकीत त्यावर हशा पिकला होता, आणि तिने तो जसाच्या तसा प्रोग्रामात बसवला होता. अडचण नव्हती. प्रत्येक खोट्या माणसाला तिने एकच ओळ शिकवली होती, काहीही विचारा, 'होय' म्हणेल.

तिने प्रोग्राम वरून खाली वाचला. मग खालून वर. 'नाही' हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

फोन वाजला. टीमचा म्होरक्या होता. त्याला सगळे वादळ म्हणत.

"चारला दवाखाने जोडले जाणार," तो म्हणाला. "कुणी पेशंट अडला आणि त्यांना तुझाच खोटा माणूस सापडला तर? मुख्य चावी चारपर्यंतच आहे माझ्याकडे. नंतर देव आला तरी ज्याच्या त्याच्या होकाराशिवाय काही खोडता येणार नाही. उडवून टाकतो."

"नको."

"अगं, बग आहे तो. बगची कसली परवानगी काढतेस?"

"त्या एका नियमावर अठरा हजार माणसं आलीत आपल्याकडे. पहिल्याच दिवशी मोडायचा?"

हे खरं होतं. पण अप्पांना कुणी परक्याने उडवावं हे तिला सहन होत नव्हतं, हे त्याहून खरं होतं.

"चारला पाच मिनिटं कमी असेपर्यंत थांबतो," वादळ म्हणालं आणि फोन ठेवला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई मटार सोलत होती. "तोंड का उतरलं गं?"

"अप्पांना पुसायचंय."

"मग पूस की. त्यांना न पुसता काही केलेलं आवडायचं का कधी?"

"तसं नाही गं आई. खोडायचंय. नाव आहे त्यांचं इथे. आणि ते नाही म्हणतायत."

आईचा हात शेंगेवर थांबला. पण ती दचकली नाही, आणि याचीच मुलीला जास्त भीती वाटली.

"किती वेळा विचारलंस?"

"एकदा."

"एकदा विचारून ते कशाला हो म्हणालेत? लग्नालासुद्धा आधी नाहीच म्हणाले होते. पुन्हा विचार. आणि घाई करू नकोस त्यांना."

आपण काय करतोय, असं मनात येऊनही तिने फक्त अप्पांचं नाव निवडलं. 'तुमची नोंद पुसू का?' बटण दाबलं.

एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर यायचं. आता नुसतं 'वाट पाहत आहे' दिसत राहिलं. दहा सेकंद. मिनिट. घड्याळात चारला आठ कमी. फ्रिजची घरघर बंद झाली आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"अडकलंय," ती म्हणाली.

"अडकलं नाही. चष्मा शोधत असतील. वाचल्याशिवाय सही केली नाही त्या माणसाने कधी."

आई उठली. कपाटाच्या वरच्या खणातून तिने अप्पांचा चष्मा आणला, काड्या उघडल्या आणि तो लॅपटॉपशेजारी ठेवला. काचांवर वर्षाची धूळ होती. मुलीला आठवलं, कुठलाही कागद हातात आला की अप्पा आधी काचांवर 'हा' करून वाफ सोडायचे, मग सदऱ्याच्या टोकाने घासायचे आणि मगच वाचायचे. पोस्टमन दारात ताटकळत राहायचा.

दोघी स्क्रीनकडे बघत बसल्या.

चारला सहा कमी असताना 'होय' आलं. नाव गेलं. खोट्या दात्यांच्या यादीत शून्य राहिलं. फोन वाजायला लागला, वादळच असणार, पण तिला उचलवेना. तिला रडू फुटलं. वर्षभर जे फुटलं नव्हतं ते.

डोळे टिपून तिने चष्मा मिटायला उचलला. धूळ नव्हती. दोन्ही काचांवर वाफ होती, ओली, ताजी, कडेने हळूहळू विरत जाणारी.

तिने नकळत ओढणीचं टोक काचेकडे नेलं. आईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे," आई म्हणाली. "हे नको पुसूस."