मानाचा प्याला

रविवारची दुपार. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातल्या त्या घरात पाहुणे येऊन अर्धा तास झाला, तरी कुणाचे ओठ ओले झाले नव्हते. यजमान हार्लन काचेसारख्या नितळ बर्फावर बर्बन व्हिस्की ओतत होता, त्यात लाल कडू मद्य आणि गोड व्हरमूथ वाइन थेंबाथेंबाने मोजून घालत होता, आणि पुजाऱ्याच्या थाटात चमचा फिरवत होता.

"अरे बाबा, आम्ही म्हातारे व्हायच्या आत दे," शेजारचा राल्फ म्हणाला.

"घाई असेल त्याने सोडा प्यावा," हार्लनने नाक मुरडलं. "हे घुसळायचं नसतं, ढवळायचं असतं. चाळीस वेळा!"

त्याची बायको डॉरिन समोरच बसून होती. आजची पार्टी तिच्यासाठी होती, आणि ती कशासाठी हे हार्लन स्वतः चारचौघांत सांगणार होता. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोपेक्षा बर्फाचंच कौतुक जास्त केलं होतं. आज तरी दोन शब्द आपल्या वाट्याला येतील, एवढीच तिची आशा होती.

"वहिनी, बोलावलंय कशाला ते तरी सांगा," राल्फ म्हणाला.

"ह्यांनाच विचारा, भावोजी. चाळीस फेऱ्या झाल्या की सांगतील."

अखेर संत्र्याची साल पिळून झाली. हार्लनने पहिला प्याला मोठ्या प्रेमाने डॉरिनच्याच हातात दिला आणि आपला प्याला उंचावला.



"मंडळी, आमच्या डॉरिनसाठी! दारू सोडून आज तिला बरोब्बर एक वर्ष झालं!"