राखण

लांडगा ओरडला तसे सोमलिंगआप्पा तंबूतून अनवाणीच बाहेर धावले. हातात जेवणाचं रिकामं ताट. ते पळीने बडवत त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या तंबूतल्या पुण्याच्या पाहुण्यांचा घास हातातच राहिला.

"हाऽऽ हुर्रर्र! जागा हाय मी! कोकरांपासनं लांब ऱ्हा!"

त्यांची मुलगी श्रीदेवी मागोमाग बाहेर आली. मेंढरं विकून वर्ष होत आलं होतं. बापाचे गुडघे गेले, म्हणून तिनेच त्यांना सोलापुरात आपल्या फ्लॅटवर आणलं. तिथे ते दिवसभर गॅलरीत बसून असायचे. विचारलं तरच बोलायचे. गेल्या आठवड्यात जेवता जेवता एकदम म्हणाले, "कोकरं प्याली का गं?" घाबरून तिने डॉक्टर गाठले. विसरायचा आजार असेल, लक्ष ठेवा, असं ते म्हणाले.

तिचं मन मानेना. एक रात्र माळावर काढली तर आप्पा पुन्हा माणसात येतील, या आशेने तिने नान्नजकडच्या माळावर हा तंबू भाड्याने घेतला. संध्याकाळ झकास गेली. टिटवी ओरडली, रातवा पक्ष्याची टकटक सुरू झाली, आणि आप्पांची कळी खुलली. तिलाही लहानपण आठवून भरून आलं. मेंढरांचा उबदार वास, आईची घोंगडी, आणि कळपाभोवती ताट बडवत फिरणारे आप्पा. तेव्हा कसली गाढ झोप लागायची! तशी पुढे कुठल्याच गादीवर लागली नाही.

आणि आता तेच आप्पा रिकाम्या माळाची राखण करत होते. म्हणजे डॉक्टरांचंच खरं. तिला रडू आवरेना. तिने जाऊन त्यांचा दंड धरला.

"आप्पा, आत चला. मेंढरं इकली की आपण. एक बी न्हाय ऱ्हायलं."

आप्पांनी ताट खाली केलं. लांडगा पुन्हा ओरडला, या वेळी बराच लांबून. आप्पा गालातल्या गालात हसले.

"मला म्हाईत हाय गं," ते हळूच म्हणाले. "त्याला कुटं म्हाईत हाय?"